आमची वाटचाल : मासळीच्या खोक्यातून रेबीजच्या अँटीबॉडीपर्यंत

आमच्या बाबांचा धंदा मिरकरवाडा बंदरावर थर्माकोलची खोकी पुरवायचा. मी मायक्रोबायोलॉजी केलं, पुण्यात लॅबचा माल विकणाऱ्या एका सप्लायरकडे नोकरी केली आणि रत्नागिरीला परत आलो तेव्हा घरात एकच प्रश्न, आता इथे काय विकणार? म्हटलं खोकीच, फक्त आत बांगडे नाहीत.

सुरुवात पेट्री डिश, मीडिया (म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवायचं खाद्य), ग्लोव्ह्ज असल्या मालाने. मग एका व्हेटर्नरी रिसर्चवाल्या मॅडमना रेबीज व्हायरसची मोनोक्लोनल अँटीबॉडी, म्हणजे व्हायरसच्या एकाच ठरावीक जागी चिकटणारं, सगळं एकसारखं प्रोटीन, हवी होती आणि एका ट्यूबसाठी कोणी मोठा डीलर दाद देईना, ती ऑर्डर आम्ही घेतली आणि तिथून गाडी या रुळावर आली. आम्ही बनवत नाही हं, मागवतो आणि थंडच्या थंड पोचवतो. बनवायची मूळ पद्धत 1975 ची, कोहलर आणि मिलस्टाइनची, उंदराची बी पेशी, म्हणजे अँटीबॉडी बनवणारी पेशी, न थांबता वाढणाऱ्या कॅन्सरच्या पेशीशी जोडायची, त्यातून हवा तो एक क्लोन, म्हणजे एकाच पेशीपासून वाढलेला गट, निवडायचा आणि तो तीच एक अँटीबॉडी देत राहतो.

माल विकण्याआधी आम्ही प्रश्न फार विचारतो, काही गिऱ्हाइकं वैतागतात पण इलाज नाही. रेबीज व्हायरसची प्रोटीन पाच, कुठल्या प्रोटीनला चिकटणारी अँटीबॉडी हवी ते कामावर ठरतं. मेंदूच्या स्लाइडवर व्हायरस शोधायचा असेल तर एन प्रोटीनवरची अँटीबॉडी लागते कारण बाधित पेशीत ते ढिगाने साठतं, तिला एफआयटीसी हा चमकणारा रंग लावलेला असेल तर फ्लोरोसन्स मायक्रोस्कोपखाली हिरवंगार चमकतं. न्यूट्रलायझेशनचं, म्हणजे व्हायरसला पेशीत शिरण्यापासून अडवायचं काम असेल तर जी प्रोटीनवरची, कारण ते व्हायरसच्या बाहेरच्या अंगाला असतं. त्यातही टिकावी म्हणून सोडियम अझाइड घातलेली ट्यूब जिवंत पेशींवर वापरली तर पेशीच मरतात, मग दोष अँटीबॉडीला. आणि सँपल उंदराचा मेंदू असेल तर उंदराचीच अँटीबॉडी आणि वर अँटी-माउस सेकंडरी, म्हणजे उंदराच्या अँटीबॉडीला चिकटणारी रंगवाली दुसरी अँटीबॉडी, ती मेंदूतल्या उंदराच्या स्वतःच्या अँटीबॉडींनाही चिकटते, अख्खी स्लाइड उजळते, कळत काहीच नाही! अशा वेळी आम्ही थेट रंग जोडलेलीच घ्या म्हणतो.

थंडीचं म्हणाल तर बाबा पक्के गुरू. मासळीला बर्फ अंगाला लागलेला चालतो, अँटीबॉडीला नाही. 2 ते 8 डिग्रीवाली ट्यूब गोठलेल्या जेल पॅकला चिकटली तर गोठते, म्हणून पॅक आधी बाहेर काढून घाम सुटेपर्यंत ठेवायचा, मध्ये पुठ्ठा. एफआयटीसीवालीला उजेडही चालत नाही, फॉइल गुंडाळायची. पावसात लाईट जाणारच, त्यामुळे ऑफिसात खुर्च्या आल्या त्याआधी फ्रिजला इन्व्हर्टर आला.

फोन मात्र भलतेच येतात. "दादा, कुत्रा चावलाय, ते रेबीजचं तुमच्याकडे मिळतं ना?" नाही हो, आमच्या ट्यूबवर फक्त रिसर्चसाठी असं लिहिलेलं आहे, ती माणसाला टोचायची नाही. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा, लस घ्या, चावा खोल असेल तर जखमेत सीरमही (तयार अँटीबॉडी) देतात. हे आता ऑफिसातला पोरगाही पाठ म्हणतो, बिझनेस शून्य पण सांगायलाच पाहिजे.

सध्या डिस्पॅच सोमवार ते बुधवार. शुक्रवारी खोकं निघालं आणि घाटात दरड आली तर रविवारी कुठल्यातरी गोडाऊनमध्ये तापत पडतं, म्हणून अर्जंट आहे म्हणून कितीही गळ घातली तरी शुक्रवारी माल सोडत नाही.