काचेला चिकटलेला फोटो

पोळा तोंडावर आला की आमच्या दारव्हा तालुक्यात फोटोचं काम वाढतं. सजवलेल्या बैलजोड्या, तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन निघालेले पोट्टे, सगळ्यांना प्रिंट हवी असते. मी घरातल्याच समोरच्या खोलीत सहा रंगांच्या इंकटँक प्रिंटरवर हे काम करते. दिवस श्रावणातले, हवेत ओल भरलेली. फोटोपेपर कोणत्या लायकीचा आहे ते याच दिवसांत कळतं.

त्या दिवशी झड लागली होती. शेजारच्या गावची एक आजी नातवाला घेऊन आली आणि खताच्या पोत्यात गुंडाळलेली फ्रेम तिनं टेबलावर ठेवली. फोटोत तिचा नवरा. डोक्याला दुपट्टा, हातात कासरे, दोन्ही अंगांना पांढरेशुभ्र बैल, त्यांच्या पाठीवर लाल झुली.

"बुढ्याचा हाच एक फोटो हाय माह्यापाशी, बाई. भितीवरून पानी उतरलं. पोळ्याले नवा लावाचा हाय."

नातवानं मागचे खिळे वाकवले, पुठ्ठा काढला आणि फोटोचा कोपरा नखानं उचलायला गेला. मी त्याचा हात धरला. फोटो काचेला चिकटला होता. ओढला असता तर कागद हातात आला असता आणि आजोबा काचेवर राहिले असते.

असं होण्याचं कारण साधं आहे. फ्रेम करताना काच थेट फोटोवर दाबून बसवलेली होती. इंकजेटच्या, म्हणजे शाईचे बारीक थेंब उडवून छापणाऱ्या प्रिंटरच्या फोटोपेपरवर शाई धरून ठेवणारा एक थर असतो. ओल लागली की तो मऊ पडतो आणि समोर काच असली तर काचेलाच बसतो. लॅबमधला जुना रासायनिक फोटो असा चिकटला तर जाणकार माणूस कधीकधी पाण्यात भिजवून तो सोडवतो. इथे तो मार्ग नव्हता. झुलीचा लाल रंग ओघळून बैलाच्या पांढऱ्या पायावर गुलाबी पसरलेला दिसत होता, म्हणजे पाण्यात विरघळणारी डाय शाई. पाण्यात टाकला असता तर उरलेला रंगही गेला असता.

म्हणून काचेसकटच त्या फोटोचा कॅमेऱ्यानं फोटो काढला. काच बाहेरून कोरड्या फडक्यानं पुसली, दोन्ही बाजूंनी तिरपे दिवे लावले, कॅमेऱ्यामागे काळं कापड टांगलं, म्हणजे काचेत खोलीचं प्रतिबिंब पडत नाही. चिकटलेला भाग गडद आणि सुटा भाग फिका दिसत होता, ते डाग कॉम्प्युटरवर एकसारखे केले आणि बैलाच्या पायावरचा गुलाबी रंग काढला.

मग कागदाचा प्रश्न आला. नातू म्हणाला, "ताई, जाडावाला ग्लॉसी टाका, चमकदार." गिऱ्हाईक बहुतेक हेच मागतं. पण कागदाची जाडी ज्या जीएसएमच्या आकड्यावरून सांगतात, तो म्हणजे फक्त एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. ए-फोरचे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर भरतो, म्हणजे १८० जीएसएमचा एक कागद साधारण ११ ग्रॅमचा. त्या आकड्यावरून वरचा थर कसला आहे हे काही समजत नाही. बाजारातल्या स्वस्त ग्लॉसीत तो थर साध्या कागदावरच चढवलेला असतो, मागून ओल लागली की कागद ती पितो. आरसी, म्हणजे रेझिन-कोटेड कागदात मूळ कागदाच्या दोन्ही बाजूंना पॉलिथिनचा पापुद्रा असतो. कोपरा हळूच फाडला की तो ताणलेला दिसतो. मी दोन्ही कागदांच्या पाठीवर पाण्याचा थेंब ठेवून नातवाला दाखवला. ग्लॉसीवरचा थेंब जिरला आणि तिथे फुगवटा आला. आरसीवरचा बोटानं पुसून टाकता आला.

आजोबांचा चेहरा आणि एका बैलाची मान एवढाच तुकडा मी तीन कागदांवर छापला. प्रत्येक वेळी प्रिंटरमध्ये कागदाचा प्रकार बदलला, कारण किती शाई सोडायची हे प्रिंटर त्यावरूनच ठरवतो. मग तिन्ही तुकडे आजीसमोर खिडकीच्या उजेडात ठेवले. मॅटवर, म्हणजे बिनचमकीच्या कागदावर, बैल छान आला, पण आजोबांचा उन्हानं रापलेला चेहरा सपाट झाला, गालाच्या सुरकुत्या काळोखात गेल्या. मॅटवर काळा रंग तेवढा खोल उतरतच नाही. ग्लॉसीवर चेहरा खुलला, पण खिडकी त्यातच चमकू लागली. तिसरा होता लस्टर, २६० जीएसएमचा आरसी, बारीक दाणेदार पोताचा. आजीनं तोच उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "याच्यात दाढीचे खुंट दिसून रायले. हाच घे."

मीही तोच निवडला असता. घर मातीचं, भिंत ओल धरणारी, चूल त्याच खोलीत. तिथे पाठीकडून पाणी न पिणारा कागदच हवा. या कागदाचा वरचा थर मात्र सच्छिद्र असतो, शाई चटकन सुकते पण हवा आणि धूर तिच्यापर्यंत पोचतात. त्यामुळे काच लागतेच, फक्त ती फोटोला टेकता कामा नये.

आठ बाय दहाची प्रिंट निघाली. आजीला ती लगेच न्यायची होती. मी दिली नाही. हाताला कोरडी लागली तरी शाईतला ओलावा हळूहळू निघत असतो, लगेच काचेत बंद केली तर काचेवर आतून धुकं धरतं. "मंग उद्या पोराले पाठवतो," म्हणाली. रात्रभर प्रिंट कोरड्या खोलीत उघडी ठेवली. सकाळी जाड पुठ्ठ्याची चौकट कापून फोटो आणि काच यांच्यामध्ये बसवली, फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे तुकडे चिकटवले, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. जुनी फ्रेमही तशीच परत दिली, ती टाकू नका असं बजावून.

नातवानं जाताना आणखी एक प्रत मागितली, पुसदच्या आत्यासाठी. तिला ग्लॉसीच आवडतो म्हणाला. भिंतीवर लावणार की अल्बममध्ये, एवढंच मी विचारलं. अल्बम म्हणाला, तेव्हा चार बाय सहाची ग्लॉसी काढून दिली.