जिम थॉर्प नावाचं गाव आणि त्या नावाचा माणूस

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत ऑक्टोबर लागला की एक कार्यक्रम ठरलेला असतो. शनिवारी लवकर उठून डबे भरायचे आणि पेनसिल्व्हेनियातल्या ‘जिम थॉर्प’ला पानांचे रंग बघायला निघायचं. डोंगराच्या कुशीतलं गाव, जुन्या डब्यांची आगगाडी, लीहाय नदी आणि दोनशे फोटो. मी चारदा जाऊन आलो. हा जिम थॉर्प कोण, असं कधी मनातही आलं नाही. असेल कुणी खाणमालक!

पाचव्या खेपेला धाकट्याला शू लागली म्हणून गावाबाहेर गाडी थांबवली, तर रस्त्याकडेला थडगं. लालसर संगमरवर, शेजारी काखेत चेंडू धरून पळणाऱ्या गड्याचा पुतळा. दगडावर स्वीडनच्या राजाचं वाक्य: महाशय, तुम्ही जगातले सर्वश्रेष्ठ खेळाडू आहात.

घरी येऊन वाचायला बसलो ते अमेरिकन फुटबॉलच्या १९१२च्या मोसमात अडकलो.

थॉर्प साक अँड फॉक्स या मूळ अमेरिकन (तेव्हाच्या भाषेत ‘इंडियन’) जमातीचा, ओक्लाहोमाचा. शिकायला पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल इंडियन स्कूलमध्ये. संघ कॉलेजांशी खेळायचा, पण हे खरं तर कॉलेज नव्हतंच. अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस सुतारकाम, लोहारकाम, धुणंभांडी. १८७९ साली रिचर्ड प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने जुन्या बराकींत ते काढलं. मुलांमधला ‘इंडियन’ मारायचा आणि माणूस वाचवायचा, हे त्याचं उघड धोरण. आल्या आल्या केस कापायचे, नाव बदलायचं, आईची भाषा बोललं की शिक्षा. माझी मुलं रविवारी तोंड वाकडं करून मराठी शाळेत जातात. त्या रविवारी मी त्यांना नेहमीसारखं दटावलं नाही.

पण फुटबॉलमध्ये या पोरांनी हार्वर्डलाही हरवलं होतं. इथला फुटबॉल कळायला आपल्याला कबड्डी बरी पडते: चेंडू घेऊन निघालेला म्हणजे चढाईवाला, समोरचे अकरा जण पकड करणार. त्या काळी वजन हेच शस्त्र होतं, आणि कार्लाइलची पोरं अंगाने हलकी. मग प्रशिक्षक पॉप वॉर्नरने दोन गडी बाजूंना पसरवून उभे करायला सुरुवात केली. चेंडू इतक्या झटपट हात बदलायचा की पकडायचं कुणाला, हेच समोरच्याला कळेना. त्याच वर्षी नियमही बदलले होते: दहा यार्ड पुढे सरकायला तीनऐवजी चार संधी, टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपार नेण्याला, पाचऐवजी सहा गुण. चपळ संघाच्या ते पथ्यावरच पडलं.

थॉर्प त्या उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिम्पिकमधून पेंटॅथलॉन (पाच खेळ) आणि डेकॅथलॉनची (दहा खेळ) दोन सुवर्णपदकं घेऊन आला आणि परत शाळेच्या संघात दाखल झाला. चौदा सामने, त्यांतले बरेचसे परक्या मैदानांवर. बारा जिंकले, वॉशिंग्टन अँड जेफरसनशी ०-० बरोबरी, आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून ३४-२६ असा एकच पराभव.

मला मात्र ९ नोव्हेंबरचा सामनाच डोळ्यांसमोर दिसतो. मैदान वेस्ट पॉइंटचं, प्रतिस्पर्धी लष्करी अकादमीचे कॅडेट. साउथ डकोटातल्या वुंडेड नी इथे लष्कराने लाकोटा जमातीच्या बायकामुलांसह शेकडो माणसं मारली त्याला जेमतेम बावीस वर्षं झालेली. ही पोरं कुणासमोर उभी होती, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. पहिले गुण कॅडेटांनी घेतले. पुढे त्यांचा कप्तान कार्लाइलच्या जो गायनला मारल्याबद्दल मैदानाबाहेर गेला. त्यांच्यात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक पोरगा होता, हो, तोच, पुढचा राष्ट्राध्यक्ष. त्याने एका साथीदाराला घेऊन थॉर्पला दोन्हीकडून चेचायचा बेत केला. थॉर्प निसटला आणि हे दोघे एकमेकांवर आपटले, अशी गोष्ट सांगतात. टचडाउन जास्त करून अलेक्स आर्कासाचे. कार्लाइल २७, आर्मी ६.

नोव्हेंबरअखेर ब्राउनला ३२-० हरवून मोसम संपला. दोन महिन्यांत थॉर्पची पदकंही गेली. काही वर्षांपूर्वी नॉर्थ कॅरोलायनात किरकोळ पैशांसाठी बेसबॉल खेळला, हा गुन्हा; ऑलिम्पिक तेव्हा फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं. पदकं १९८२ साली परत दिली, तीही विभागून. एकट्याचं विजेतेपद २०२२ साली. तोवर त्याला जाऊन एकोणसत्तर वर्षं झाली होती.

कार्लाइललाही जाऊन आलो, आमच्या घरून तीनेक तासांवर. शाळा १९१८ सालीच बंद झाली, आता तिथे लष्कराचं युद्ध महाविद्यालय आहे. बाजूलाच छोटंसं कब्रस्तान, पांढऱ्या दगडांच्या नीटस रांगा. बहुतेक शाळेतली पोरं. काही दगडांवर नावाच्या जागी ‘अज्ञात’. २०१७ पासून लष्कर एकेकाचे अवशेष त्यांच्या माणसांकडे पाठवतंय.

आणि थॉर्प? तो १९५३ साली गेला. कोळसा आणि रेल्वे आटलेल्या दोन गावांनी पर्यटक येतील या आशेने त्याच्या तिसऱ्या बायकोशी करार केला, देह आणला, एकत्र होऊन नाव बदललं. मुलांनी वडिलांना ओक्लाहोमाला न्यायचं म्हणून दावा लावला. खटला २०१५ पर्यंत चालला, मुलं हरली. थडग्याखाली ओक्लाहोमाची माती तेवढी आणून घातलेली आहे.

यंदा ग्रुपवर नेहमीचा मेसेज आला: ‘जिम थॉर्प, शनिवार, सात वाजता, कोण कोण?’ मी लिहिलं, आधी अर्धा तास थडग्यापाशी थांबूया. बराच वेळ सगळे गप्प. मग एका काकूंचं उत्तर आलं: ‘तिथे बाथरूम आहे का?’