गंगापूरच्या फुगवट्याकाठी: मुरूम, काळी माती आणि द्राक्षबागांचं वेळापत्रक

नाशिकला माउंटन बाइक घेऊन येणारा हमखास पहिला प्रश्न विचारतो, "चढ किती?" फार नाही. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे आणि गंगापूर धरणाचा परिसर त्याहून थोडासाच वर. गोदावरीच्या या वरच्या खोऱ्यात खरे प्रश्न दोनच: गेल्या तीन-चार दिवसांत पाऊस झाला का, आणि बागांमध्ये सध्या काय काम चालू आहे? यांची उत्तरं ठाऊक असली की साधी हार्डटेलही (फक्त पुढच्या चाकाला सस्पेन्शन असलेली सायकल) पुरते. नसली की दोन लाखांची फुल सस्पेन्शन (दोन्ही चाकांना सस्पेन्शन असलेली) सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागतं.

आमचा नेहमीचा मार्ग सोमेश्वर, गोवर्धन, सावरगाव, गंगाव्हरे असा, म्हणजे जलाशयाच्या दक्षिण काठाने. शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर बागा सुरू होतात. राजीव सामंत यांनी सुरू केलेल्या 'सुला'ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली ती इथलीच. पुढे यॉर्क, सोमा अशा वायनरी याच पट्ट्यात उभ्या राहिल्या. त्यामुळे शनिवार-रविवारी दहानंतर या अरुंद रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ लागते. सहाला निघा, नऊपर्यंत डांबरावरून उतरून मातीत असा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो. बोटं पूर्ण झाकणारे हातमोजे घाला, ब्रेकवरची दोन बोटं बधिर झाली की उतारावर अंदाज चुकतो.

खोगीरावर बसूनही बाग ओळखता येते. खायच्या द्राक्षांचे वेल डोक्याच्या उंचीवर मांडवासारखे किंवा इंग्रजी 'वाय' आकाराच्या अँगलवर पसरलेले असतात. वाइनच्या द्राक्षांच्या ओळी म्हणजे पानांच्या उभ्या भिंती: शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यॉ ब्लाँ, शिराझ. दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच आणि सायकलवाल्याला घातक. ओळीच्या टोकाला शेवटच्या अँगलपासून ताणाची तार तिरकी जमिनीत गेलेली असते. बांधाच्या कडेने वेगात जाताना, विशेषतः कलत्या उन्हात, ती अजिबात दिसत नाही. हँडलचं टोक अडकलं की माणूस पुढे आणि सायकल मागे. ओळींच्या टोकापासून निदान दीड मीटर लांब राहा. ओळींच्या आत तर शिरायचंच नाही. तिथे ठिबकच्या नळ्या असतात, आणि एका फाटक्या नळीपायी पुढच्या दहा सायकलवाल्यांना ती वाट बंद होते.

आता वेळापत्रक. इथल्या हिवाळ्यात थंड देशांतल्यासारखा वेल झोपत नाही, म्हणून वर्षाला दोन छाटण्या: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी (नव्या काड्या वाढवण्यासाठी) आणि ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी (घड धरण्यासाठी). ऑक्टोबरनंतर बांधावर, वाटेच्या कडेला कापलेल्या काड्यांचे ढीग पडतात. कात्रीचा काप तिरका असल्याने वाळलेल्या काडीचं टोक सुळ्यासारखं होतं आणि ते टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसतं. तिथलं रबर पातळ असतं, सतत वाकतं, म्हणून सीलंट (टायरमध्ये भरलेलं, भोक आतून बुजवणारं द्रव) तिथे टिकत नाही. प्लग (भोकात ठासायची रबरी पट्टी) आणि आतून लावायचा टायरचा तुकडा, दोन्ही जवळ हवेत. लांब काडी स्पोकमधून डिरेल्यरमध्ये (मागचे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेत) गेली तर हँगर, म्हणजे डिरेल्यर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, वाकतो. आपल्या फ्रेमचा सुटा हँगर बॅगेत ठेवाच, गावातल्या दुकानात तो मिळत नाही.

छाटणीनंतर काडीवरचे डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. ताज्या छाटलेल्या, ओलसर दिसणाऱ्या काड्यांना हात लावू नका. हे रसायन अंगात गेलेलं असताना दारू घेतली तर तोंड लाल होणं, धडधड, उलट्या असा त्रास होतो, आणि इथे बहुतेकांचा पुढचा बेत वाइन चाखायचाच असतो. तसाही तो सायकल उभी केल्यावरचा. पुढे डाउनी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांसाठी फवारण्या सुरू होतात. ट्रॅक्टरच्या ब्लोअरचा घरघराट ऐकू आला की वारा कुठून येतोय ते पाहा. धुकं आपल्याकडे येत असेल तर थांबा, ट्रॅक्टर ओळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊ द्या. बाटलीचं तोंड उघडं असेल तर फवारा तिथेही बसतो, म्हणून झाकणाची बाटली किंवा पाठीवरची पाण्याची पिशवी बरी.

जमिनीचं गणित रंगावर चालतं. तांबूस-पिवळा मुरूम पावसानंतर एका दिवसात चालवण्याजोगा होतो. काळ्या मातीला तीन-चार दिवस लागतात, आणि ती अर्धवट वाळलेली असताना सर्वांत वाईट. चाकाला थर चढतो, त्यावर काडीकचरा चिकटतो, मग पुढे फोर्कच्या (चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) कमानीत आणि मागे बॉटम ब्रॅकेटजवळ (पेडलच्या दांड्या जिथे फिरतात तिथे) चाक जाम. इथे बहुतेक जण जोर लावतात आणि तिथेच घात होतो. चिखलाने जड झालेली चेन डिरेल्यरला मागे ओढते, तो स्पोकमध्ये जातो आणि हँगर तुटतो. चाक जड वाटलं त्या क्षणी पेडल थांबवा, उतरा, काटकीने माती खरवडा. बाटलीतलं पाणी ओतू नका. थोड्या पाण्याने त्या मातीचा गारा होतो. धुवायची तर भरपूर पाण्याने, नाहीतर वाळू द्यायची.

हवेचं प्रमाण: ७० किलोचा चालवणारा, २९ बाय २.२५ चे ट्यूबलेस टायर असतील तर पुढे २० ते २२ आणि मागे २३ ते २५ पीएसआय. ट्यूब असेल तर २८ च्या खाली जाऊ नका, नाहीतर दगडावर ट्यूब चिमटून सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. सीलंट प्रत्येक टायरमध्ये १०० ते १२० मिली, आणि आपल्या उन्हात दर दोन-तीन महिन्यांनी आत बघायचं. बाभळीचा काटा ट्यूबलेसमध्ये घुसला आणि हवा जात नसेल तर घरी येईपर्यंत काढू नका. ट्यूबवाल्यांनी पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवण्यापेक्षा कापसाचा बोळा फिरवावा. मोडलेल्या काट्याचं टोक डोळ्याला दिसत नाही, कापूस मात्र अडकतो. हे न केल्याने त्याच जागी दुसरं पंक्चर झालेले लोक दर आठवड्याला भेटतात.

फेब्रुवारीनंतर पाणी उतरतं आणि फुगवट्याची जमीन उघडी पडते. फोटोंसाठी हीच जागा सगळ्यांना हवी असते. वर कडक पापुद्रा, खाली ओला गाळ, हा तिथला सापळा. रुंद भेगा दिसल्या तर वाळलेलं समजा. भेगा नसलेली, चकचकीत जमीन दिसली की वळा. गाळपेराची (पाणी उतरल्यावर गाळात घेतलेली) पिकं असतील तिथे कडेने चाला. धरणाच्या भिंतीवर सायकल न्यायचा विचार सोडून द्या.

डोंगर हवे असतील तर उत्तरेकडे गिरणारे, धोंडेगाव, काश्यपी धरण करत वाघेरा घाटाकडे जा. पश्चिमेला जावं तसा पाऊस झपाट्याने वाढतो. नाशिक शहरात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर, त्र्यंबककडे त्याच्या कितीतरी पट. म्हणून बागा मागे पडतात आणि भात-नागलीची खाचरं लागतात. किंवा पेठ रस्त्याने आशेवाडीला जाऊन रामशेजचा पायथा गाठा. मोगलांना काही वर्षं झुंजवणाऱ्या या किल्ल्याच्या पायऱ्यांवर सायकल नेऊ नका, पायथ्याच्या वाटाच पुरेशा आहेत.

हे सगळे डोंगर बेसाल्टच्या थरांचे, त्यामुळे चढ सलग नसतो. सपाट पट्टा, मग अचानक कातळाची पायरी, पुन्हा सपाट. पायरी येण्याआधीच दोन गिअर हलके करा. पायरीवर उभं राहून, पूर्ण जोर असताना गिअर टाकला की चेनची कडी तुटते. क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी) आपल्या चेनच्या स्पीडची, म्हणजे मागे जितकी गिअरचक्रं तितक्याची, न्या, १० स्पीडची १२ वर बसत नाही. उतरताना मुरमावरचे सुटे खडे गोट्यांसारखे घरंगळतात. ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात सोडायचा. वळणात पुढचा ब्रेक दाबला की चाक बाहेर गेलंच.

पाणी माणशी तीन लिटर. गिरणाऱ्याच्या पुढे दुकानं विरळ होतात. परतताना सोमेश्वरजवळ मिसळ खायची, काळ्या मसाल्याची आणि पापडासकट, पण उरलेली दहा किलोमीटर आरामात जायची असतील तर दुसरी तर्री मागू नका.

घरी आल्यावर आधी सायकल धुवा, मग स्वतः. फवाऱ्याचे अंश फ्रेमवर आणि ग्रिपवर राहतात, साबणाच्या पाण्याने जातात. गाड्या धुणाऱ्या जोरदार पाइपाने हब आणि बॉटम ब्रॅकेटवर फवारा मारला की सीलमधून पाणी आत जातं आणि महिन्याभरात बेअरिंग कुरकुरतं. बादली, ब्रश, फडकं बस. चेन पुसून, वाळवून तेलाचे थेंब द्या आणि सायकल रात्रभर उभी ठेवा. सकाळी दोन्ही टायर दाबून बघा. एखादा मऊ लागला तर कुठेतरी काटा अजून आत आहे.