कृष्णद्रव्याला पर्याय शोधणारे सहकार्य
दीर्घिकांच्या कडेचे तारे अपेक्षेपेक्षा कितीतरी वेगाने फिरतात, हे व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांच्या निरीक्षणांतून १९७० च्या दशकात ठळकपणे पुढे आले. याचे रूढ स्पष्टीकरण न दिसणाऱ्या, पण आपल्या गुरुत्वाकर्षणाने ताऱ्यांना धरून ठेवणाऱ्या कृष्णद्रव्याचे आहे. पण १९८३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मोर्दहाय मिलग्रोम यांनी वेगळा विचार मांडला. त्वरण पृथ्वीवरील गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ८,००० कोटीव्या भागाहून कमी झाले, की गतीचा नियमच बदलतो, असे त्यांचे म्हणणे होते.

या वादात मला सर्वांत मोलाचे वाटते ते स्टेसी मॅकगॉ, फेदेरिको लेली आणि जेम्स शॉम्बर्ट यांनी २०१६ मध्ये खुले केलेले 'स्पार्क' हे संकलन. त्यात १७५ दीर्घिका आहेत: ताऱ्यांचे वस्तुमान स्पिट्झर दुर्बिणीने टिपलेल्या ३.६ मायक्रोमीटरच्या अवरक्त प्रकाशावरून, तर वायूचे हायड्रोजनच्या २१ सेंटीमीटरच्या रेडिओलहरींवरून काढलेले. भ्रमणवेगांची मोजमापे मात्र अनेक गटांनी कित्येक वर्षे खपून केलेली आहेत. यातून दिसले, की दृश्य द्रव्यावरून मोजलेले त्वरण आणि प्रत्यक्ष त्वरण यांचा संबंध एकाच रेषेवर विलक्षण नेटकेपणाने बसतो. ही आकडेवारी कृष्णद्रव्याचे समर्थकही वापरतात, आणि माझ्या मते खरे सहकार्य ते हेच.

अडचणी अर्थातच आहेत. दीर्घिकासमूहांत मिलग्रोम यांचा नियम लावूनही वस्तुमान कमीच पडते. २०१७ मध्ये दोन ताऱ्यांच्या एकाच टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण अवघ्या १.७ सेकंदांच्या अंतराने पोहोचल्यावर, म्हणजे दोन्हींचा वेग जवळजवळ सारखाच असल्याचे दिसल्यावर, हे वेग वेगळे मानणारे सुधारित गुरुत्वाकर्षणाचे कित्येक सिद्धांत बाद झाले.