तेरा जीबी मोकळी, तरी जागा नाही

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू झाले की काटा थांबून चालत नाही. मी एका अडत दुकानाचं संगणकाचं काम बघतो. तिथं ऐन हंगामात वजनाची नोंद होणं बंद पडलं. काटा आकडा दाखवत होता, पण तो साठवला जात नव्हता. पडद्यावर एकच ओळ येत होती: 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. दुकानाचे अण्णा शेजारी उभे होते. म्हणाले, "अहो, डिस्क तर मोकळी दिसतीया की. मग हे जागा नाही कशाला म्हणतंय?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. नोंदींसाठी २० जीबीचं वेगळं विभाजन होतं आणि फाइल मॅनेजर त्यात तेरा जीबीच्या आसपास जागा मोकळी दाखवत होता. असं झालं की बहुतेक जण आधी काहीतरी डिलीट करायला घेतात. मला ते पटत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमला सगळं माहीत असतं, तेव्हा आधी तिलाच विचारावं.

लिनक्समध्ये हे विचारायचा रस्ता म्हणजे 'स्टॅटएफएस' हा सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमनं ऑपरेटिंग सिस्टिमला थेट केलेली विचारणा. सी भाषेतून तोच 'स्टॅटव्हीएफएस' या प्रमाणित फंक्शनमधून वापरता येतो आणि पायथनच्या 'ओएस' मॉड्यूलमध्येही याच नावाचं फंक्शन आहे. डिस्कवरच्या कुठल्याही फोल्डरचा पत्ता द्यायचा, की त्या फाइल सिस्टिमची, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या व्यवस्थेची, सगळी माहिती एका स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे रकान्यांच्या तक्त्यात, भरून मिळते. मोकळी जागा दाखवणारी रोजच्या वापरातली 'डीएफ' कमांडही आतून हेच करते. 'एसट्रेस' हे सिस्टिम कॉल टिपणारं साधन लावून चालवली तर प्रत्येक माउंटसाठी, म्हणजे जोडलेल्या फाइल सिस्टिमसाठी, गेलेला कॉल डोळ्यांनी दिसतो. तिथं एक गंमत दिसते. डिस्कवर एक्स्ट४ ही लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम असली तरी प्रकारापुढे 'एक्स्ट२' लिहून येतं, कारण एक्स्ट२, ३ आणि ४ या तिघांचा ओळख क्रमांक एकच आहे, ०xईएफ५३. नेमका प्रकार हवा असेल तर '/प्रॉक/सेल्फ/माउंटइन्फो' वाचावी लागते.

मी छोटा प्रोग्रॅम लिहून एकेक रकाना छापला. ब्लॉकचे, म्हणजे जागेच्या ठरावीक मापाच्या तुकड्यांचे, रकाने तीन: एकूण, मोकळे आणि 'अव्हेल', म्हणजे साध्या वापरकर्त्याला मिळू शकणारे. मोकळ्यांचा हिशेब चौदा जीबीच्या पुढे जात होता आणि 'अव्हेल'चा तेराच्या आसपास. एक्स्ट४ पाच टक्के जागा मूळ प्रशासकासाठी, म्हणजे रूटसाठी, राखून ठेवतं. मधला फरक तो. इथं गुणाकार कशानं करायचा हेही बघावं लागतं. ब्लॉकची संख्या त्याच स्ट्रक्चरमधल्या 'एफआरसाइझ'नं, म्हणजे ब्लॉक मोजायच्या मापानं, गुणायची; 'बीसाइझ'नं, म्हणजे एका वेळी वाचा-लिहायच्या सोयीच्या मापानं, नाही. लिनक्सवर दोन्ही बहुतेक वेळा ४०९६ असतात म्हणून फरक जाणवत नाही. मॅकवर मात्र 'बीसाइझ' १० लाख ४८ हजार ५७६ येतो, आणि त्यानं गुणलं तर उत्तर २५६ पट फुगतं.

खरं दुखणं पुढच्या रकान्यांत होतं. एकूण फाइली: १३,१०,७२०. मोकळ्या: ०.

एक्स्ट४मध्ये प्रत्येक फाइलला एक आयनोड, म्हणजे त्या फाइलची माहिती ठेवणारी नोंद, लागतो, आणि आयनोड किती असणार हे डिस्क फॉरमॅट करतानाच ठरतं. नेहमीच्या मापानं दर १६,३८४ बाइटला एक. २० जीबीला भागून बघा, बरोबर हाच आकडा येतो. काट्याचं सॉफ्टवेअर प्रत्येक वजनाची वेगळी फाइल करत होतं, जेमतेम शंभरेक बाइटची. फाइल कितीही लहान असली तरी एक ब्लॉक, म्हणजे ४०९६ बाइट, अडवतेच. म्हणून तेरा लाखांवर फाइलींनी पाच जीबी घेतले आणि आयनोड संपवले. अण्णांना मी सांगितलं, "गोडाऊनात जागा हाय, पण पावतीपुस्तक संपलंय. पावती फाडल्याशिवाय पोतं आत घेत नाहीत." त्यांना लगेच कळलं. म्हणाले, "मग जुन्या पावत्या बांधून ठेवा की एका गठ्ठ्यात."

तेच केलं. मागच्या हंगामांच्या फाइली महिन्यावार 'टार' या गठ्ठा बांधणाऱ्या कमांडनं एकेका फाइलीत बांधल्या, गठ्ठा उघडून तपासला आणि मगच सुट्या फाइली काढल्या. आयनोड मोकळे होताच काटा चालू झाला. हंगाम संपल्यावर विभाजन दर ४०९६ बाइटला एक आयनोड या मापानं नव्यानं फॉरमॅट केलं; आता ते ५२ लाखांच्या पुढे आहेत.

माझा प्रोग्रॅम आता दर तासाला चालतो आणि ब्लॉक व आयनोड दोन्ही बघतो. त्यात दोन गोष्टी मुद्दाम घातल्यात. बीटीआरएफएससारख्या लिनक्सच्या दुसऱ्या फाइल सिस्टिम एकूण फाइलींच्या जागी शून्य देतात, तेव्हा टक्केवारी काढण्याआधी ते तपासायचं. आणि नेटवर्कवरची डिस्क असेल तर हा कॉल वेगळ्या प्रोसेसमध्ये करायचा, कारण पलीकडचा सर्व्हर बंद असला की तो उत्तराची वाट बघत अडकून बसू शकतो.

त्याच स्ट्रक्चरमध्ये शेवटी 'नेममॅक्स' नावाचा रकाना आहे, आणि मराठीत काम करणाऱ्यानं तो वाचलाच पाहिजे. एक्स्ट४वर तो २५५ येतो, पण ती अक्षरं नव्हेत, बाइट आहेत. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि काना, वेलांटी, अनुस्वार हे सगळे वेगळे मोजले जातात. नुसत्या 'सांगली'ला १८ बाइट लागतात. एकूण ८५ चिन्हांत नाव संपतं. अण्णांना फाइलीच्या नावातच शेतकऱ्याचं पूर्ण नाव, गाव, तालुका आणि मालाची जात हवी होती. आम्ही फाइलीला पावती क्रमांक आणि तारीख दिली. बाकी सगळं आत लिहिलं जातं, आणि शोधायला त्यांच्यासाठी वेगळा पडदा करून दिलाय.