जुनी हार्ड डिस्क काढली की लिनक्स बूटच होईना : माझा अनुभव

बाबा गावातल्या वाचनालयाचं काम बघतात. पुस्तकांची सगळी यादी त्यांच्या लॅपटॉपवर आहे, आणि तो लॅपटॉप म्हणजे सातव्या जनरेशनचा आय-३, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या जनरेशनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे तो रस्ता बंदच. चांगली चालती मशीन भंगारात द्यायची माझी अजिबात तयारी नव्हती, म्हणून दिवाळीत घरी गेलो तेव्हा ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी घेऊन गेलो आणि उबंटूच्या घराण्यातलं एक हलकं डिस्ट्रो (विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सची तयार आवृत्ती) पेनड्राइव्हवर.

प्लॅन साधा होता. एसएसडी आतल्या स्लॉटमध्ये बसवायची, तिच्यावर लिनक्स टाकायचं, सगळं नीट चाललंय बघितलं की जुनी हार्ड डिस्क बाहेर काढून यूएसबी केसमध्ये घालायची म्हणजे बाबांचा डेटा त्यातून आरामात कॉपी करता येईल. इन्स्टॉल करताना पार्टिशन मी हातानेच केले, एसएसडीवर ५१२ एमबीचं ईएफआय पार्टिशन (मशीन चालू होताना लागणाऱ्या फाइल्सचं) आणि उरलेल्या जागेत रूट (मुख्य सिस्टमचं), बूटलोडर (सिस्टम उठवणारा छोटा प्रोग्रॅम) कुठे टाकायचा त्या खालच्या चौकटीतपण एसएसडीच निवडली, वीसेक मिनिटांत काम झालं, रीस्टार्ट केलं आणि एकदम झकास चालू झालं. बाबा म्हणाले, "अरे, एवढ्यात झालं पण?" चार-पाच वेळा बंद-चालू करून बघितलं, काहीही अडचण नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागचं कव्हर उघडलं, हार्ड डिस्क काढली, बटण दाबलं. काळी स्क्रीन आणि त्यावर एकच ओळ, नो बूटेबल डिव्हाइस, म्हणजे चालू करण्याजोगी डिस्कच सापडत नाही.

आता रात्री चालत होतं ते सकाळी का नाही? मला वाटलं कव्हर उघडताना एसएसडीला धक्का लागला असेल, काढून परत बसवली, तेच. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन बघितलं तर एसएसडीचं नाव व्यवस्थित दिसतंय. म्हटलं इन्स्टॉलच कुठेतरी गंडलं असणार, हार्ड डिस्क परत लावली (बाबांना डेटा लगेच हवा होता म्हणून) आणि अख्खं इन्स्टॉल पुन्हा केलं. चाललं. डिस्क काढली, बंद. असं मी दोनदा केलं आणि त्यात दीड दिवस गेला, कारण प्रत्येक वेळी मी तीच गोष्ट त्याच पद्धतीने करत होतो आणि मशीन नेमकं कुठे अडकतंय हे एकदाही बघितलं नव्हतं.

उलगडा झाला तो दुसऱ्याच कामात. हार्ड डिस्क लावलेली होती, लिनक्स चालू होतं, जागा किती उरलीय बघायला टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करतात त्या खिडकीत) डीएफ -एच टाकलं. त्यात बूट-ईएफआयच्या (ईएफआय पार्टिशन जोडलं जातं त्या फोल्डरच्या) ओळीत साइज दिसली ९६ एमबी. मी तर ५१२ चं पार्टिशन केलं होतं! डावीकडे बघितलं तर तिथे एसडीए१ लिहिलेलं. एसडीए म्हणजे जुनी हार्ड डिस्क, आणि विंडोज स्वतःसाठी १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन करतं ते हेच. म्हणजे माझं लिनक्स सगळं एसएसडीवर होतं पण त्याचा बूटलोडर जुन्या डिस्कवरच्या विंडोजच्या ईएफआय पार्टिशनमध्ये जाऊन बसला होता. एसएसडीवरचं माझं ५१२ एमबीचं पार्टिशन माऊंट करून (म्हणजे सिस्टमला जोडून) उघडलं, पूर्ण रिकामं.

इथे जरा थांबून सांगतो, कारण हे कळलं नाही तर पुढचं सगळं मंत्र म्हटल्यासारखं वाटेल. यूईएफआयवाल्या (बायोसच्या नव्या पद्धतीच्या) मशीनमध्ये बटण दाबलं की फर्मवेअरला (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमला) लिनक्स-विंडोज काही कळत नाही. मदरबोर्डवरच्या मेमरीत त्याने एक छोटी यादी ठेवलेली असते, अमुक पार्टिशनवरची अमुक फाइल चालवायची. ते पार्टिशन म्हणजेच ईएफआय पार्टिशन, ते फॅट फॉरमॅटचं असतं, त्यालाच ईएसपी म्हणतात. तिथली शिम नावाची फाइल चालते (तिच्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते म्हणून सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं काही चालू न देणारा पहारा, तिला सोडतं), शिम ग्रबला (लिनक्सच्या बूटलोडरला) उठवतं, ग्रब कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटआरडी (सुरुवातीपुरत्या लागणाऱ्या फाइल्स) मेमरीत घेतं, आणि मग सिस्टमडी (बाकी सगळं चालू करणारा प्रोग्रॅम) एफएसटॅब (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं त्याची यादी) वाचून बाकीचे पार्टिशन जोडतं. हार्ड डिस्क असताना फर्मवेअर तिच्यावरचं ग्रब उठवायचं आणि ग्रब यूयूआयडीवरून (पार्टिशनच्या ओळखक्रमांकावरून) एसएसडीवरचं रूट शोधून काढायचं, त्यामुळे वरून सगळं बरोबरच दिसायचं. डिस्क काढली की पहिलाच माणूस गायब, मग पुढच्याला उठवणार कोण?

आणि असं होणं काही दुर्मीळ नाही. या घराण्याच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये बूटलोडरसाठी दुसरी डिस्क निवडली तरी तो पहिल्या डिस्कवर तयार असलेलं ईएसपीच वापरतो असं बऱ्याच जणांच्या बाबतीत झालंय, ती चौकट यूईएफआय मशीनवर फारशी उपयोगाची नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दुरुस्तीला बसलो. हार्ड डिस्क काढली आणि पेनड्राइव्हवरून लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारं लिनक्स) चालू केलं. बूट मेन्यूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकाच्या पुढे यूईएफआय लिहिलेलं असतं, मी घाईत दुसरा निवडला आणि पंधरा मिनिटं वाया घालवली. लाइव्हमध्ये आल्यावर सिस-फर्मवेअर-ईएफआय हा फोल्डर आहे का ते आधी बघावं, नसेल तर लेगसी (जुन्या बायोस) मोडमध्ये चालू झालंय, पुढे काही उपयोग नाही, परत रीस्टार्ट.

मग एसएसडीचं रूट पार्टिशन एमएनटी फोल्डरवर माऊंट केलं, ईएफआय पार्टिशन त्याच्या आतल्या बूट-ईएफआयवर, आणि डेव्ह, प्रॉक, सिस, रन हे चालू सिस्टमचे चारही फोल्डर आत बाइंड करून (तिथेही दिसतील असे जोडून) घेतले. सीएचरूट केलं की आपण पेनड्राइव्हवरून आलो असलो तरी एसएसडीवरच्या लिनक्सच्या आत बसून काम करतोय असं होतं. ग्रब-इन्स्टॉल चालवलं तर एरर, ईएफआय व्हेरिएबल्स सपोर्टेड नाहीत म्हणे. मी सिस साधं बाइंड केलं होतं, त्यात आतला ईएफआयव्हार्स (ही व्हेरिएबल्स जिथे दिसतात तो फोल्डर) येत नाही, तो वेगळा माऊंट करावा लागतो किंवा सिसला सुरुवातीलाच आरबाइंड (आतल्या सगळ्यासकट बाइंड) द्यायचं. तेवढं केल्यावर "नो एरर रिपोर्टेड" आलं, पाठोपाठ अपडेट-ग्रब चालवलं, कर्नलची नावं दिसली, बाहेर आलो, रीस्टार्ट.

ग्रब आलं! लोगो आला, आणि तिथेच अडकलं. एस्केप दाबून मागचा मजकूर बघितला तर कुठल्यातरी यूयूआयडीच्या डिस्कची वाट बघणं चालू होतं, समोर घड्याळ, १ मिनिट ३० सेकंदांपर्यंत, आणि ते संपल्यावर इमर्जन्सी मोड. खरं सांगतो, तेव्हा पोटात गोळाच आला. पण यावेळी निदान नीट वाचलं. ज्या यूयूआयडीची वाट बघत होतं ते चार अक्षरं, डॅश, चार अक्षरं असं छोटं होतं, आणि असं छोटं यूयूआयडी फॅट पार्टिशनचं असतं, ईएक्सटी४ चं (लिनक्सच्या रूटसारख्या पार्टिशनचं) बरंच लांब असतं. म्हणजे एफएसटॅबमध्ये बूट-ईएफआयच्या ओळीत अजून जुन्या डिस्कचाच पत्ता होता, ग्रब-इन्स्टॉल एफएसटॅबला हात लावत नाही, ते आपणच बदलायचं असतं आणि मी विसरलो होतो.

परत लाइव्ह, परत सीएचरूट, बीएलकेआयडी चालवून एसएसडीवरच्या ईएफआय पार्टिशनचं यूयूआयडी घेतलं, कागदावर लिहिलं, नॅनोमध्ये (टर्मिनलमधल्या एडिटरमध्ये) एफएसटॅब उघडून ती एक ओळ बदलली, जुनी ओळ पुढे हॅश लावून तशीच ठेवली. सेव्ह केल्यावर माऊंट -ए (एफएसटॅबमधलं सगळं जोडून बघणारी कमांड) टाकून बघितलं, काही तक्रार आली नाही. हे माऊंट -ए प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं, कारण एफएसटॅबमधली साधी टायपिंगची चूक रीस्टार्टच्या आधीच तिथे कळते.

रीस्टार्ट केलं. बारा-तेरा सेकंदांत लॉगिन स्क्रीन. हार्ड डिस्क बाहेर टेबलावर पडलेली आणि लॅपटॉप चालू, मी तीन वेळा पूर्ण बंद करून परत चालू केला, मगच कव्हरचे स्क्रू पिळले. ईएफआयबूटएमजीआर ही कमांड चालवल्यावर फर्मवेअरच्या यादीत विंडोज बूट मॅनेजरची जुनी नोंद अजून होती, जी डिस्क आता आत नाही तिची, ती नंबर बघून डिलीट केली. डिलीट करताना मात्र नंबर दोनदा बघा, चुकून लिनक्सची नोंद उडाली तर परत सीएचरूट करत बसावं लागेल.

संध्याकाळी जुनी डिस्क केसमध्ये घालून बाबांचा डेटा कॉपी केला. यादीची फाइल लिब्रेऑफिसमध्ये व्यवस्थित उघडली, कीबोर्डमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट जोडून दिला, बाबांचा हात त्यावरच बसलेला आहे. त्यांनी त्याच रात्री नव्या आलेल्या अकरा पुस्तकांच्या नोंदी घातल्या.

पुढच्याच आठवड्यात वाचनालयातल्या कॉम्प्युटरलापण एसएसडी टाकायची ठरली. त्यावेळी आधी जुन्या डिस्कची केबल काढून ठेवली, मगच पेनड्राइव्ह लावला, आणि इन्स्टॉल झाल्यावर सगळ्यात पहिल्यांदा टर्मिनल उघडून बूट-ईएफआय कुठल्या डिस्कवर आहे ते बघितलं.