घर स्वस्त मिळालं, पण जूनपर्यंतच

स्पेनच्या दक्षिणेला समुद्रकाठच्या आल्मेरियाला येऊन दीड वर्ष झालं तरी मावशीचा फोन आला की पहिला प्रश्न तोच, "काय गं, खरंच स्वस्त आहे का तिकडं?" आहे ना. माद्रिदला मैत्रीण एका खोलीचं जे भाडं भरते त्यात थोडे घातले की इथे दोन बेडरूमचा फ्लॅट येतो, समुद्र चालत दहा मिनिटं.

आम्हाला पण असाच सप्टेंबरमध्ये मिळाला, एवढा स्वस्त की नवरा म्हणाला काहीतरी गडबड आहे, आणि होतीच. करार 'तेम्पोरादा'चा, म्हणजे सीझनपुरता, ३० जूनला चावी परत. जुलै-ऑगस्टमध्ये मालक तोच फ्लॅट सुट्टीवाल्यांना आठवड्याच्या हिशोबाने देतो आणि वर्षाची कमाई तिथेच काढतो. राहत्या घराचा साधा करार केला तर कायद्याने भाडेकरूला तो ५ वर्षांपर्यंत वाढवता येतो, मग कोण कशाला देईल? डिपॉझिट पण साध्या कराराला एक महिन्याचं, ह्याला दोन. सही करताना माझं स्पॅनिश 'ओला', म्हणजे हॅलोच्या पुढे गेलं नव्हतं, त्यामुळे हे सगळं मे महिन्यात कळलं 😅

थंडीचं पण कोणी सांगत नाही. बाहेर छान ऊन, लोक कॅफेबाहेर बसलेले, आणि घरात फरशी बर्फासारखी, कारण हीटिंगच नाही, मी जानेवारीत ऑफिसचे कॉल अंगावर गोधडी घेऊन केलेत.

खाण्याची मात्र चंगळ. बारमध्ये ड्रिंक घेतलं की सोबत तापा, म्हणजे छोटीशी खायची डिश फुकट आणि तो पण आपण निवडायचा. इथला खास म्हणजे चेरिगान, टोस्टवर आलियोली, म्हणजे लसणाचं मेयो, आणि वर काहीतरी. "मांस नको" सांगितलं की हसून मान डोलावतात आणि ट्यूना घालून आणतात, मासा म्हणजे मांस नाही असा सरळ हिशोब, आपल्या कोकणातल्या काही घरांसारखा.

तर जूनमध्ये भर उन्हात बॅगा ओढत आम्ही दुसरं घर गाठलं. चौथा मजला, लिफ्ट नाही, समुद्र दिसत नाही, भाडं दीडशे युरो जास्त, पण करार वर्षाचा. ह्या वेळी सही करायच्या आधी खालच्या बेकरीवाल्या काकूंकडून प्रत्येक पान वाचून घेतलं.